पाच हजार बैठका आणि घोटभर पाणी : जुन्या बॉक्सर-पैलवानांची मेहनत संशोधकाने कशी वाचायची?



पेटची तयारी करणाऱ्या मुला-मुलींचा मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, संशोधनाचा विषय सापडतो कुठे?" आज त्याचं सरळ उत्तर देत नाही, एक प्रसंग सांगते. विषय त्यातूनच निघेल.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आखाजी जवळ आली होती आणि मी धुळ्याजवळ मावशीच्या गावी गेले होते. मावसभाऊ अकरावीत आहे आणि लहानपणापासून तालमीत जातो. निवड चाचणी चार दिवसांवर होती आणि त्याचं वजन गटापेक्षा दोन किलो जास्त भरत होतं. मग काय, भर दुपारी अंगात स्वेटर, वरून विंडचीटर घालून पळणं सुरू झालं. पाणी बंद, फार तर चूळ भरायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जोर मारता मारता तो हौद्यातच कोसळला. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध. पोरांनी ओल्या टॉवेलात गुंडाळून, बादलीने पाणी ओतत त्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी घरी आला. आता ठणठणीत आहे.

वस्ताद वाईट माणूस नाही. पोराच्या उशाशी रात्रभर तेच बसले होते. पण सकाळी मी पाण्याचा विषय काढला तर म्हणाले, "पाणी पिसन कोणी कुस्ती जिकस का?" आम्हीही असंच शिकलो, आमचे वस्तादही असेच शिकले, आणि गामा पैलवान तर रोज पाच हजार बैठका मारायचा. माझ्याकडे शरीरक्रियाशास्त्रातली एम.एस्सी. होती, पण त्या क्षणी "पुस्तकात वेगळं लिहिलंय" यापलीकडे मला काही सांगता आलं नाही. पुस्तकात काय लिहिलंय हे मला माहीत होतं. ते कशावरून लिहिलंय, हे नीट मांडता येत नव्हतं. पुढचं सगळं त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

हीच मेहनत इंग्लंडातही होती

वाचायला लागल्यावर पहिली गंमत ही कळली की पाणी तोडायची रीत फक्त आपल्या तालमींची नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हातमोजे न घालता बॉक्सिंग व्हायचं. तिथला विजेता टॉम क्रिब याने डिसेंबर १८१० मध्ये टॉम मोलिनो या अमेरिकेहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या बॉक्सरला कसंबसं हरवलं. पुढच्या वर्षी दुसरी लढत ठरली. तेव्हा कॅप्टन बार्कले नावाच्या गृहस्थाने क्रिबला स्कॉटलंडमध्ये नेऊन तयार केलं. हा बार्कले म्हणजे १८०९ साली १,००० तासांत १,००० मैल, दर तासाला एक मैल असं चालून दाखवणारा माणूस.

बार्कलेची पद्धत अशी : आधी जुलाब देऊन पोट साफ. मग लांब चाल. मग जाड लोकरी कपडे घालून पळणं, आणि आल्यावर पांघरुणात गुंडाळून घाम काढणं. खायला कमी शिजवलेलं गोमांस किंवा मटण आणि शिळा पाव. भाजी जवळपास नाही. प्यायला मोजकंच, तेही बीअर. क्रिब सुमारे १६ स्टोनचा म्हणजे शंभर किलोच्या थोडा वर होता, तो साधारण ८५ किलोवर आला. २८ सप्टेंबर १८११ ला लढत झाली. अकराव्या फेरीत, साधारण वीस मिनिटांत, क्रिब जिंकला. तेव्हापासून बार्कलेची पद्धत म्हणजे शास्त्र असं झालं.

लोकरी कपडे काढून विंडचीटर घाला, बीअरच्या जागी थंडाई ठेवा. आमच्या गावची तालीम फार लांब नाही.

आणि हे नुसतं ऐकीव राहिलं नाही. सर जॉन सिंक्लेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने, ज्याने 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द इंग्रजीत रूढ केला, त्याने बॉक्सर आणि धावपटू तयार करणाऱ्यांना चक्क प्रश्नावली पाठवली. काय खायला देता, किती झोप, घाम कसा काढता, किती दिवसांत फरक पडतो. जुना विजेता जॉन जॅक्सन यानेही उत्तरं दिली. १८०७ मध्ये सिंक्लेअरचा आरोग्यावरचा मोठा ग्रंथ आला त्यात ही माहिती आहे. प्रशिक्षणावर डेटा गोळा करायचा हा फार जुना प्रयत्न. पण डेटा गोळा केला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. तो वाचताना स्वतःला चार प्रश्न विचारावे लागतात.

प्रश्न १ : आकडा शक्य तरी आहे का?

गामाच्या नावावर रोज ५,००० बैठका आणि ३,००० जोर सांगितले जातात. ऐकून एक तर आपण हात जोडतो किंवा "फेकाफेकी" म्हणून सोडून देतो. संशोधकाने दोन्ही करू नये. कागद घ्यावा.

एका बैठकीला २ सेकंद धरा. ५,००० बैठकांना १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. एका जोराला ३ सेकंद धरा. ३,००० जोरांना ९,००० सेकंद, म्हणजे अडीच तास. एकूण सव्वापाच तास, तेही न थांबता.

आता ऊर्जा. समजा ९० किलोचा माणूस प्रत्येक बैठकीत शरीराचा भार ४० सेंटीमीटर वर उचलतो. ९० × ९.८ × ०.४ म्हणजे साधारण ३५३ ज्यूल. गुणिले ५,००० म्हणजे सुमारे १७.६ लाख ज्यूल, म्हणजेच ४२० किलोकॅलरी. पण स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात. २० टक्के धरले तर खर्च २,१०० किलोकॅलरीच्या आसपास जातो. जोर, लढत आणि दिवसभराचं जगणं वेगळं. टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंचा रोजचा खर्च मोजला गेला तेव्हा तो ६,००० किलोकॅलरीच्या घरात आला होता. गामाचा दिवस साधारण त्याच पंगतीत बसतो.

म्हणजे निष्कर्ष काय? एखाद्या असामान्य माणसाला हे एका दिवसात अशक्य नाही. पण "एखाद्या दिवशी शक्य" आणि "वर्षानुवर्षं रोज" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यासाठी कुणीतरी रोज मोजून लिहिलेली वही लागेल. कागदावरचा हिशोब विधान सिद्ध करत नाही. ते विचारात घ्यायचं की नाही एवढंच सांगतो. सिनॉप्सिस लिहिण्याआधी असा पाच मिनिटांचा हिशोब करायची सवय लावा. अर्धे विषय तिथेच गळतात आणि तुमची दोन वर्षं वाचतात.

प्रश्न २ : हरलेले कुठे गेले?

गामा १९१० मध्ये लंडनला गेला. स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोबरोबरची त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालूनही निकाली झाली नाही, आणि १९२८ मध्ये पतियाळ्याला त्याच झ्बिस्कोला त्याने एका मिनिटाच्या आत चीतपट केलं. असा माणूस जे करत असेल ते बरोबरच असणार, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेचा जॅक डेम्प्सी १९१९ मध्ये हेवीवेट जगज्जेता झाला. तो जबडा घट्ट व्हावा म्हणून पाइनच्या झाडाचा चिकट डिंक चघळायचा आणि कातडी कडक व्हावी म्हणून चेहरा-हात खारवलेल्या पाण्यात बुडवायचा. मग काय, डिंक चघळून जगज्जेता होतं का कोणी?

गोष्ट अशी आहे की आपल्यापर्यंत फक्त जिंकलेल्यांचा दिनक्रम पोचतो. तेवढाच डिंक चघळून पहिल्या फेरीत पडलेल्यांची आठवण कुणी लिहून ठेवत नाही. रावेरहून दिल्लीला गेलेल्या ट्रकमधली केळी बघून वादळात किती बागा झोपल्या ते कळत नाही, तसंच हे. आपल्या चाळीसगाव तालुक्याचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. आमच्या भागातल्या पोरांना त्यांच्यासारखी मेहनत करायची असते, आणि ते चांगलंच आहे. पण तशीच मेहनत करून गुडघा गेलेला, शाळा सुटलेला, उन्हात कोसळलेला मुलगा आपल्या नमुन्यात नसेल, तर मेहनतीचा परिणाम किती आणि मुळातल्या अंगकाठीचा, खुराकाचा, नशिबाचा किती हे वेगळं काढता येणार नाही. याला नमुना निवडीतला पूर्वग्रह म्हणतात. पेटला यावर प्रश्न येतो. व्याख्येपेक्षा ही केळी लक्षात ठेवा.

क्रिबच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. दुसऱ्या लढतीआधी मोलिनोची तयारी नीट झालीच नव्हती, असं त्या काळची वर्णनं सांगतात. त्याच्यामागे बार्कले नव्हता, पैसेवाला आश्रयदाता नव्हता. लढतीत त्याचा जबडाही मोडला. मग क्रिब जिंकला तो जुलाब आणि लोकरी कपड्यांमुळे, वजन उतरल्यामुळे, रोजच्या चालीमुळे, की समोरचा नीट तयारीविना आल्यामुळे? एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की श्रेय कोणत्या एकीला देता येत नाही.

प्रश्न ३ : ही मेहनत कोणत्या खेळासाठी होती?

जुन्या बॉक्सिंगमध्ये फेरी घड्याळावर संपत नव्हती. एक जण पडला की फेरी संपली. अर्धा मिनिट विसावा आणि पुन्हा उभं राहायचं. १८८९ मध्ये जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत मिसिसिपीच्या जुलैच्या उन्हात ७५ फेऱ्या, दोन तासांहून जास्त चालली. सुलिव्हनला तयार केलं होतं विल्यम मल्डून या पैलवानाने. दारू बंद, शेतावर काम, लांब चाल आणि पळणं, कुस्ती. आपल्या मातीतली निकाली कुस्तीही तशीच, चीतपट होईपर्यंत किंवा पंच सोडवेपर्यंत. अशा खेळात हजारो बैठकांचा अर्थ लागतो. तासभर उभं राहून जोर लावत राहायची ती तयारी आहे.

१८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी बॉक्सिंगला तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाचा विसावा दिला. आजची मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांची, मध्ये तीस सेकंद. खेळ बदलला तसं स्नायूंकडून हवं असलेलं कामही बदललं. शरीर ज्या कामाचा सराव करतं त्याच कामात ते मुख्यतः सुधारतं, याला सरावाची विशिष्टता म्हणतात. पाच हजार बैठकांनी दम वाढतो, पण एका झटक्यात समोरच्याला उचलायची कमाल ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. खाशाबा जाधव मातीत घडले, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटच्या कुस्तीत सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. मातीने त्यांना पाया दिला, पण मॅटची रीत त्यांना वेगळी आत्मसात करावी लागली.

म्हणून "जुनी पद्धत चांगली की नवी?" हा संशोधनाचा प्रश्नच नाही. कशासाठी चांगली, हे त्यात यायला हवं.

प्रश्न ४ : रीत बरोबर आणि कारण चूक, असं तर नाही?

जुने बॉक्सर पहाटे मैलोन्‌मैल चालत-पळत. त्यांचं कारण होतं की शरीरातले दूषित रस घामावाटे निघतात आणि मांस कडक होतं. कारण चुकीचं, पण पळणं बरोबर. फटक्यांच्या जोरदार झटक्यात स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा संपतो आणि विसाव्यात तो ऑक्सिजनच्या जोरावर परत भरतो. ज्याचा दम चांगला, त्याचा साठा लवकर भरतो. एका मिनिटात ताजातवाना होऊन उठणारा बॉक्सर पहाटेच्या पळण्याची कमाई वापरत असतो.

उलटंही घडलं. वजनं उचलली की स्नायू जखडतात, हात मंद होतो, असं बॉक्सिंगचे गुरू कित्येक पिढ्या सांगत आले. १९५१ मध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेजच्या झोर्बास आणि कार्पोविच यांनी वजनं उचलणारे तीनशे आणि न उचलणारे तीनशे घेतले आणि हाताने एक दांडा किती वेगाने फिरवता येतो ते मोजलं. वजनं उचलणारेच वेगवान निघाले. समजूत पडली. पण थांबा, तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं? मुळातच चपळ असलेली मुलं वजनं उचलायला गेली असतील तर? बरोबर. या अभ्यासाने "वजनांनी माणूस मंद होतो" हे खोडलं, पण "वजनांनी माणूस वेगवान होतो" हे सिद्ध केलं नाही. एखादा अभ्यास काय खोडतो आणि काय सिद्ध करतो हे वेगळं लिहिता आलं की साहित्य आढाव्याचं प्रकरण निम्मं जमलं समजा.

आता पाण्याचं

हे चारही प्रश्न घेऊन वस्तादांच्या वाक्याकडे परत जाऊ. "पाणी न पिता मेहनत केली की शरीराला सवय होते." त्यांनी बघितलेलं खोटं नव्हतं. उन्हाळ्यात नवीन मुलगा पहिले चार दिवस गळतो, दोन आठवड्यांनी तोच टिकतो. हे खरंच घडतं. उष्णतेत दहा-चौदा दिवस मेहनत केली की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि जास्त येतो, हृदयाचे ठोके कमी वाढतात. पण ही सवय उन्हाची आहे, तहानेची नाही. तालमीत दोन्ही गोष्टी एकत्रच व्हायच्या, त्यामुळे श्रेय भलतीकडे गेलं.

हे वेगळं कसं काढलं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यालाही वाटत होतं की सैनिकाला कमी पाण्याची सवय लावता येईल. एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटात माणसांना चालवून वजन, घाम, तापमान मोजलं. १९४७ च्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष स्पष्ट होता : कमी पाण्यावर चालायचं प्रशिक्षण शरीर घेत नाही. उलट, उन्हाला सरावलेला माणूस जास्त घामतो, म्हणजे त्याला पाणी जास्तच लागतं.

यामागचं गणित साधं आहे. एक लिटर घाम अंगावरून वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीर थंड करायचा घाम सोडून दुसरा मार्ग उरत नाही. त्यावर विंडचीटर चढवलं तर घाम निघतो पण वाळत नाही, म्हणजे पाणी गेलं आणि थंडावाही नाही. समजा ५८ किलोचा मुलगा मेहनतीनंतर ५६.५ वर आला. दीड लिटर गेलं, म्हणजे वजनाच्या २.६ टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे दम घसरायला लागतो. रक्त कमी, हृदयाची धावपळ जास्त, आतलं तापमान चढतं. त्याच्या पुढे काय होतं ते मी हौद्यात बघितलंय.

आणि हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण नाही. १९९७ मध्ये नोव्हेंबर-डिसेंबरच्या साधारण एका महिन्यात अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद. त्यांच्याकडे डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या. त्यानंतर सॉना आणि रबरी सूटवर बंदी आली आणि वजन लढतीच्या अगदी आधी घेतलं जाऊ लागलं.

मग विषय कसा होतो?

माझ्या डोक्यात आलेला पहिला विषय होता : "पाणी दिलेले आणि न दिलेले पैलवान यांची तुलना". गाइडनी एका वाक्यात संपवला : "न दिलेल्या गटात तुझा मावसभाऊ असेल तर?" नैतिकता समिती म्हणजे फॉर्म भरायची कटकट नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे आणि ज्याने इजा होते, तो प्रयोग करायचाच नसतो.

मग विचारता येण्यासारखं काय उरतं? बरंच. खानदेशातल्या तालमींत मुलं मेहनतीच्या आधी आणि नंतर वजनात किती घसरतात? वजन उतरवायला कोणत्या रीती वापरतात, कितव्या वर्षापासून, कोणाच्या सांगण्यावरून? हौद्याजवळ पाणी ठेवलं तर मुलं स्वतःहून किती पितात? यात कुणाला त्रास नाही. लागतो एक वजनकाटा, एक वही, पालकांची संमती आणि वस्तादांचा विश्वास. जुन्या रीतींसाठी दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून काढलेले व्यायाम ज्ञानकोशाचे खंड वाचा. बनारसच्या आखाड्यांवर जोसेफ ऑल्टर यांचं १९९२ चं पुस्तक आहे. आधी वाचा, मग तालमीत जा, आणि गेल्यावर आधी ऐका.

त्या वस्तादांना मी नंतर भेटले. पुस्तक नेलं नाही, वजनकाटा नेला. तीन संध्याकाळ त्यांनी स्वतः पोरांची वजनं घेतली, आधी आणि नंतर. हा काही संशोधनाचा डेटा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी आकड्यांकडे बघत विचारलं, "मंग हे एवढं पाणीच जातं का, पोरी?" मी हो म्हणाले. आता हौद्याच्या कडेला माठ असतो. स्वेटर घालून पळणं मात्र अजून पूर्ण थांबलेलं नाही. मावसभाऊ यंदा वरच्या वजनगटात खेळतोय.

तुमच्यासाठी सराव : तुमच्या घरातली, शेतातली किंवा खेळातली एक जुनी समजूत निवडा. आकडा शक्य आहे का, हरलेले कुठे गेले, कशासाठी आणि कारण वेगळं तर नाही, हे चार प्रश्न तिला लावा आणि एका पानात उत्तरं लिहा. चौथ्या प्रश्नापाशी अडलात तर समजा, विषय सापडला.